पांढरींतील गोठा आणि काळींतील घर

घराचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा दर्शनी दरवाजापासून आरंभ करितात आणि माडीवर जाऊन थांबतात. परसदारीं उतरण्याचें त्यांच्या मनांत येत नाहीं. वाड्याच्या महिरपी, तुळयांवरील नक्षी, देवघराचे कोनाडे यांविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु गोठा, न्हाणी, कडब्याची छपरी, शौचकूप, सरपणाची खोली आणि अलीकडच्या काळांतील मोटारखाना, हीं जीं घराच्या आश्रयानें उभीं राहणारीं लहान बांधकामें, तीं कोणीं कोठें बांधावीं व कोणास विचारून बांधावीं हें कसें ठरत आलें, ही चौकशी क्षुल्लक समजली जाते. माझें मत उलट आहे. शेजाऱ्याशेजाऱ्यांमधले बहुतेक तंटे मुख्य घरावरून न होतां या पोटबांधकामांवरून होतात, आणि जेथें तंटा होतो तेथेंच नियमाचा जन्म होतो. घर मालकाच्या हौसेचें असतें. गोठ्याचा वास मात्र शेजाऱ्याच्या ओसरीवर येतो.

ही चौकशी मी अहमदनगर जिल्ह्यापुरती करणार आहें. २०२४ पासून या जिल्ह्याचें सरकारी नांव अहिल्यानगर झालें आहे. परंतु येथें बहुतेक गोष्टी जुन्या काळच्या असल्यामुळें नगर हेंच नांव वापरणें सोयीचें होईल. हा जिल्हा निवडण्याचें कारण असें कीं, येथें तीन निरनिराळ्या तऱ्हांच्या वस्त्या एकमेकींस लागून नांदतात. जुनीं गांवठाणें आहेत, भिंगारजवळची लष्करी छावणी आहे, आणि प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर शेताशेतांतून पसरलेल्या वाड्यावस्त्या आहेत. या तिहींचे नियम तीन वेगळ्या विचारांतून निघाले, आणि आज ते एकाच कागदावर येऊन एकमेकांस अडखळत आहेत.

देशावरील गांवाची जमीन दोन जातींची मानली जाई. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. मातीच्या भिंती पडाव्या, त्यांवर पुन्हां भिंती उभ्या राहाव्या, राख व शेण यांचे थर बसावे, असें शतकानुशतकें चालून वस्तीची माती पांढुरकी होते, यावरून हें नांव पडलें. पण शब्दाचा अर्थ मातीपाशीं थांबला नाहीं. पांढर म्हणजे गांवचे लोक, त्यांचा समाज, असाही अर्थ त्यास आला, आणि वस्तीवर बसणारा कर तो पांढरपट्टी झाला. आजच्या नगररचनाकाराच्या भाषेंत बोलावयाचें तर हे दोन विभाग होते, आणि त्यांच्यामधली रेषा कोणत्याही नकाशावर न काढतां प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक होती. काळींत घर बांधण्यास मनाई करणारा कायदा नव्हता. पण लुटालुटीच्या दिवसांत गांवकुसाबाहेर बायकामुलांसह रात्र काढण्याची कोणाची छाती होत नसे. म्हणून माणसें पांढरींत, आणि माणसांबरोबर गुरेंही पांढरींत. सायंकाळीं वेशींतून आंत येणारीं गुरें घराच्या दारांतच, पुष्कळदां घराच्या पडवींतच, बांधलीं जात. गोठा ही घराहून वेगळी इमारत नव्हतीच. तें घराचें एक दालन होतें.

अशा दाट वस्तींत नियम नव्हते असें समजणें चुकीचें होईल. लेखी परवाना नव्हता, इतकेंच खरें. नियम पाहावयाचा तो पाण्याच्या वाटेवर पाहावा. नगरच्या पठारावरचीं जुनीं घरें बहुतेक धाब्याचीं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचीं. त्यांचें पाणी पन्हळीवाटे एका ठिकाणीं पडतें. अकोल्याकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, पाऊस भारी म्हणून छप्पर उतरतें, आणि पाणी पागोळ्यांनीं सबंध कडेभर गळतें. पन्हळ असेल तर तिचें तोंड कोणाच्या अंगणाकडे, आणि पागोळ्या असतील तर त्यांच्याखालची हातभर जमीन कोणाची, हे दोन प्रश्न सुटले म्हणजे पांढरींतील निम्मे तंटे सुटत. राहिलेल्या तंट्यांत सामाईक भिंतीवर तुळई टेकविणें, उकिरडा सरकविणें आणि ओटा वाढवून बोळ अरुंद करणें यांचा भरणा असे. निवाडा पाटील, कुलकर्णी व शेजारीपाजारी यांच्या समक्ष होई, आणि वाद मोठा असेल तर गोतसभा बसून महजर होई. या पद्धतींत एक मर्म होतें. बांधणाऱ्यानें किती बांधलें हें कोणी विचारीत नसे. कोणाचें बिघडलें हें विचारीत. कोणाचेंच बिघडलें नसेल, तर नियमाला तोंड उघडण्याचें कारणच नव्हतें.

मात्र या पद्धतीचें कौतुक करतांना गांवकुसाबाहेर पाहिल्याशिवाय पुढें जाऊं नये. महारवाडा, मांगवाडा कोठें असावा हें आधींच ठरलेलें होतें, आणि तें ठरविण्यांत तेथें राहणाऱ्यांचा हात नव्हता. ज्यानें शेजाऱ्याचें बिघडलें का हें विचारावयाचें, तो पांढर नांवाचा समाज त्यांस शेजारी मानीतच नव्हता. जात हा या देशांतील सर्वांत जुना आणि सर्वांत कठोर बांधकामनियम होय, आणि त्यास कोणत्याही म्युनिसिपालिटीच्या सहीची गरज लागली नाहीं.

१८०३ च्या ऑगस्टांत वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतला. १८१८ नंतर जिल्हा इंग्रजी अंमलाखालीं स्थिरावला. शहरास म्युनिसिपालिटी १८५४ सालीं मिळाली, ती १८५० च्या २६ व्या कायद्याप्रमाणें. हा कायदा सक्तीचा नव्हता. गांवच्या लोकांनीं मागितला तर लागू होणारा होता. दिवे, रस्ते, झाडलोट हें त्याचें क्षेत्र. घरांच्या अंतरंगांत शिरण्याचें धाडस पुढील कायद्यांनीं केलें, आणि त्यांत १९०१ चा मुंबई जिल्हा म्युनिसिपल कायदा मला महत्त्वाचा वाटतो. १८९६ पासून प्लेगनें इलाख्यांत जो कहर केला होता, त्याचें सावट या सालावर होतें. उजेड व वारा हे शब्द तेव्हां वैद्यांच्या तोंडून कारभाऱ्यांच्या तोंडीं आले होते. या कायद्यानें इमारत या शब्दाची जी व्याख्या केली ती वाचण्यासारखी आहे. माणूस राहो वा न राहो, झोपडी, छपरी, आडोसा, भिंत, पडवी, ओटा, जोतें, इतकेंच काय दारापुढची पायरीसुद्धां इमारतींत धरली गेली. परसदारचा गोठा आणि पुढचा ओटा हे अशा रीतीनें एका वाक्यांत सरकारदरबारीं रुजू झाले. नवें बांधण्यापूर्वीं किंवा जुन्यास बाहेरून भर घालण्यापूर्वीं म्युनिसिपालिटीस लेखी खबर दिली पाहिजे, असें बंधन आलें. येथें शब्द खबर असा आहे, हें लक्षांत ठेवावें. मालकानें सांगावयाचें, आणि म्युनिसिपालिटीस हरकत असेल तर तिनें ती मुदतींत घ्यावयाची. बोलण्याचा बोजा तिच्यावर.

हा मुदतीचा धागा आपल्या सर्व बांधकाम-कायद्यांतून ओवलेला आहे. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यांत शेतजमीन दुसऱ्या कामीं लावण्याचा अर्ज केल्यावर कलेक्टरानें तीन महिन्यांत उत्तर न दिल्यास परवानगी मिळाली असें समजावें, अशी तरतूद होती. छावणीच्या १९२४ च्या कायद्यांत तत्त्व तेंच, ग्रामपंचायतींच्या १९५८ च्या कायद्यांत तेंच, आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यांत साठ दिवसांची मुदत आहे. मौनं संमतिलक्षणम् या वचनास इतकें कायदेशीर वजन दुसरीकडे क्वचितच मिळालें असेल. व्यवहारांत मात्र या संमतीवर विसंबून भिंत उभारणारा माणूस मीं फारसा पाहिला नाहीं. कारण सरळ आहे. कायदा म्हणतो, योजनेशीं व नियमांशीं जुळत असेल तरच मौन म्हणजे होकार. आणि जुळतें कीं नाहीं हें सांगणारा अधिकारी तोच, जो साठ दिवस बोलला नाहीं. शेजाऱ्याच्या मौनाचा अर्थ माणसास कळतो. कचेरीच्या मौनाचा कळत नाहीं.

आतां पांढर सोडून काळींत उतरूं. १८७९ च्या महसूल कायद्याचें पासष्टावें कलम नगरसारख्या जिल्ह्यास फार दूरवर पोंचणारें ठरलें. शेतीची जमीन धारण करणाऱ्यास आपल्या जमिनींत शेतीच्या सोयीसाठीं इमारती बांधण्याचा, विहिरी व तळीं करण्याचा हक्क त्या कलमानें दिला. हक्क म्हणून दिला, मेहेरबानी म्हणून नव्हे. त्याच सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, हा योगायोग केवळ तारखेचा नाहीं. १८७५ मध्यें पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांत पारनेर व श्रीगोंदें या तालुक्यांचीं गांवें होतीं. कर्जरोखे जाळण्यासाठीं लोक उठले होते. शेतकऱ्याजवळ सावकारापासून वांचवावें असें काय आहे, हा प्रश्न त्या पिढीच्या कायदेपंडितांपुढें उभा होता. त्याचें पूर्ण उत्तर १९०८ च्या दिवाणी कायद्याच्या साठाव्या कलमांत सांपडतें. शेतकऱ्याचें राहतें घर व इतर इमारती, त्यांचें सामान, त्यांखालची जागा आणि त्यांच्या उपभोगास लागणारी लगतची जमीन यांवर जप्ती येत नाहीं. न्यायाधीशाच्या नजरेला घर आणि गोठा अशा रीतीनें एका दाव्याला बांधले गेले. बैल जप्तींतून सुटला आणि बैलाचें छप्पर गेलें, तर सुटण्यांत अर्थ कोणता?

शेजाऱ्याचा जुना हक्कही याच सुमारास कागदावर आला. १८८२ चा सुखाधिकारांचा कायदा मुंबई इलाख्यास १८९१ मध्यें लागू झाला. वीस वर्षें बिनतक्रार उपभोगलेला उजेड, वारा आणि पाण्याची वाट हे हक्क त्यानें मान्य केले. पन्हळीचा तंटा गोतसभेंतून निघाला तो दिवाणी कोर्टांत गेला. वेळ जास्त लागूं लागला, एवढा फरक पडला.

पासष्टाव्या कलमानें हक्क दिला तरी काळींत घरें लगेच उभीं राहिलीं नाहींत. त्यासाठीं पाणी यावें लागलें. गोदावरीचे कालवे विसाव्या शतकाच्या आरंभीं वाहूं लागले. प्रवरेवरचें भंडारदऱ्याचें धरण १९२६ मध्यें पुरें झालें. कोपरगांव, राहातें, श्रीरामपूर, राहुरी या बाजूस ऊंस आला. उंसाचें पाणी पाळीनें मिळतें, आणि पाळी रात्रीं दोन वाजतांही येते. दारें धरण्यासाठीं गांवांतून कंदील घेऊन दोन कोस जाण्यापेक्षां माणूस शेतांतच झोंपूं लागला. प्रथम एक छप्पर, मग बैलांसाठीं दुसरें, मग पावसाळ्यांत बायको भाकरी घेऊन येई ती तेथेंच चूल मांडून राहिली, मग पत्रे आले, विटा आल्या. १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यावर या वस्त्यांना बरकत आली. आज त्या भागांत हिंडावें, तर गांवठाण म्हणजे जुनें देऊळ, पार, चावडी आणि कांहीं पडके वाडे. गांव खरोखर वस्तीवर राहतो. पत्त्यांतही अमुक वस्ती, तमुक मळा असेंच लिहितात. कोणत्याही योजनेवांचून, कोणत्याही नकाशावांचून, एका जिल्ह्याच्या अर्ध्या भागानें आपली राहण्याची रीत पालटली. आणि ती पालटूं शकली याचें एक कारण असें कीं, कायद्याच्या लेखीं हीं घरें घरें नव्हतींच, तीं शेतीचीं साधनें होतीं.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें हा विचार शब्दांत बांधला. शेतघर कशास म्हणावें हें सांगतांना संहितेनें क्रम असा लाविला आहे: अवजारें, खत व वैरण यांचा सांठा, मग पिकाचा सांठा, मग गुरांचा निवारा, आणि त्यानंतर, चवथ्या जागीं, शेतकऱ्याच्या घरच्या माणसांचा, नोकरांचा किंवा कुळांचा राहावा. खत पहिल्या ओळींत, माणूस चवथ्या ओळींत! हें वाचून प्रथम हसूं येतें. पण थोडा विचार केला म्हणजे त्यांतली संगति पटते. पांढरींत घर मुख्य आणि गोठा त्याचा आश्रित. काळींत शेत मुख्य. गोठा शेताचा आश्रित, आणि घरही शेताचेंच आश्रित, गोठ्याच्या शेजारीं बसलेलें. पुढें शहरांच्या आसपासच्या शेतघरांना कलेक्टरच्या परवानगीचें व जोत्याच्या क्षेत्रफळाचें बंधन घालण्यांत आलें, कारण शेतघराच्या नांवाखालीं बंगले उठूं लागले होते. मूळ व्याख्या मात्र तशीच राहिली.

बंगल्याची गोष्ट निघाली म्हणून भिंगारच्या छावणीकडे वळतों. तेथल्या गोऱ्या अंमलदारांच्या बंगल्याची रचना पांढरीच्या नेमकी उलट होती. घर कंपाउंडाच्या मध्यभागीं, चारी बाजूंस मोकळी जागा, आणि मागील कडेला एका ओळींत बबर्चीखाना, नोकरांच्या खोल्या, तबेला. घर आणि पोटघरें यांमध्यें मुद्दाम राखलेलें अंतर होतें. तें अंतर हवेसाठीं जितकें, तितकेंच माणसामाणसांतील दर्जासाठीं. ही रचना छावणीच्या कुंपणांत राहिली असती तर तिचा येथें उल्लेख करण्याचें कारण नव्हतें. परंतु स्वातंत्र्यानंतर शहरें वाढलीं, सावेडीसारखे उपनगरभाग भूखंड पाडून वसले, आणि त्या भूखंडांस लावलेले नियम चारी बाजूंस मोकळी जागा सोडलेल्या घराचें चित्र डोळ्यांपुढें ठेवून लिहिले गेले. १९६६ च्या नगररचना कायद्यानें खबर हा शब्द मागें टाकून परवानगी हा शब्द पुढें आणला. राहत्या घरास पूरक अशा कोणत्याही उपयोगास त्या कायद्यांत मोकळीक आहे. पण त्या उपयोगासाठीं छप्पर घालावयाचें झालें, कीं अर्ज. अंगणांत गाय बांधावी, तिच्यावर पत्रा टाकतांना विचारावें!

डिसेंबर २०२० पासून महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागास एकच विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. एकसूत्रता आली, हें तिचें श्रेय निर्विवाद आहे. शिवाय दीडशें चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील लहान घरांसाठीं ठरलेले कागद व शुल्क देऊन मिळालेली पोंच हीच परवानगी मानण्याची सवलत तींत आहे. म्हणजे १९०१ ची खबर एकशें एकोणीस वर्षांनीं लहान माणसाकडे परत आली. परंतु पूरक इमारत या शब्दाची तिनें केलेली व्याख्या पाहावी. मुख्य इमारतीपासून वेगळी, त्याच भूखंडावर असलेली, नोकरांच्या खोल्या, मोटारखाना, कोठीच्या खोल्या इत्यादि पूरक उपयोगाची इमारत. इत्यादींत कांहींही बसेल, हें खरें. पण नांवें घेऊन सांगितलेलीं तीन उदाहरणें तीनही बंगल्याचीं आहेत. ज्या नियमावलीखालीं नेवासें, शेवगांव, जामखेड यांसारखीं गांवें येतात, तिच्या लेखकाच्या डोळ्यांपुढें बंगला उभा राहिला, गोठा राहिला नाहीं. बबर्चीखाना गेला, तबेल्याचा मोटारखाना झाला, आणि नोकरांच्या खोल्या जशाच्या तशा राहिल्या. उलट गांवठाणांतल्या ज्या घरास दोन्ही बाजूंस सामाईक भिंती, पुढें बोळ आणि मागें दुसऱ्याची पडवी, त्यास मोकळी जागा सोडून पूरक इमारत बांधा असें सांगणें म्हणजे विहिरींत पोहणाऱ्यास धांवण्याचे नियम शिकविणें होय.

नगर शहरांत तर यावर आणखी एक थर आहे. निजामशाहीनें या शहराभोंवतीं मशिदी, कबरी व महाल पेरून ठेवले. दमडी मशीद, बागरौजा यांसारख्या संरक्षित वास्तूंपासून शंभर मीटरपर्यंत नवें बांधकाम २०१० च्या दुरुस्तीनें पूर्ण निषिद्ध आहे, आणि पुढील दोनशें मीटर परवानगीवर. जुन्याची डागडुजी बांधकामांत मोडत नाहीं; सार्वजनिक शौचालयही मोडत नाहीं. खासगी शौचकूप मात्र मोडतो. मशिदीचें दगडी काम मोलाचें आहे, आणि तिच्या अंगास पत्र्याच्या छपऱ्या चिकटाव्या असें कोणीही म्हणणार नाहीं. पण स्वतःच्या परसांत एक शौचकूप बांधूं इच्छिणाऱ्या बाईस हा भेद समजावून सांगण्याचें काम ज्या कारकुनावर येतें, त्याची मला कींव येते.

या सगळ्या कायद्यांच्या जाळ्यांतून एक बांधकाम सहज निसटून जातें. दरवर्षीं दसऱ्यानंतर पाथर्डीकडील ऊंसतोड मजूर बैलगाड्या घेऊन कारखान्यांच्या भागांत उतरतात आणि मोकळ्या रानांत कोप्या उभारतात. बांबूच्या कामट्या, पाचट, आतां प्लास्टिकचा कागद. आंत वांकून जावें लागतें. गाडीचा बैल बाहेर, माणसें आंत. ही कोपी घर नव्हे, पूरक इमारतही नव्हे, कारण जिला पूरक व्हावें असें घर त्या भूखंडावर नाहीं आणि भूखंडही मजुराचा नाहीं. तिच्यासाठीं कोणी अर्ज करीत नाहीं, कोणी नाकारीत नाहीं. हंगाम संपला कीं ती मोडते. नियमांच्या इतिहासांत तिची नोंद करावयाची झाल्यास गांवकुसाबाहेरच्या वस्तीचें पान उघडावें लागेल.

इकडे काळी आणि पांढरी यांमधली रेषाही पुसट होत चालली आहे. महसूल संहितेच्या एका दुरुस्तीनें गांवठाणाच्या हद्दीपासून दोनशें मीटरांच्या आंतली जमीन बिनशेती वापरासाठीं मोकळी होण्याची वाट सोपी झाली. आणि एप्रिल २०२० मध्यें जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेखालीं गांवठाणांची मोजणी आकाशांतून होऊं लागली. शेताचा प्रत्येक गुंठा दीडशें वर्षांपूर्वीं सांखळीनें मोजला गेला होता. ज्या पांढरींत माणसें राहत होतीं, ती बहुतेक गांवीं कधींच मोजलेली नव्हती. यंत्र उडण्यापूर्वीं गांवांत एक काम करावें लागतें. मोजणीचा माणूस, ग्रामसेवक आणि घरमालक एकत्र फिरतात, आणि प्रत्येक मिळकतीच्या कडेनें चुन्याची पांढरी रेघ ओढतात, म्हणजे ती वरून दिसावी. मुख्य भिंतींपाशीं वेळ लागत नाहीं. जेथें एकाच्या गोठ्याचें छप्पर दुसऱ्याच्या परसावर झुकलेलें असतें, तेथें सगळे थांबतात. रेघ भिंतीच्या पायापाशीं ओढावी, कीं पागोळ्या पडतात तेथें? चुन्याची पाटी खालीं ठेवली जाते, आणि शेजारच्या म्हाताऱ्यास बोलावणें जातें.